कानातलं देऊळ

"कापसात तोंड घालून गातेय असं वाटतंय रे," आत्या म्हणाली आणि तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

डोंबिवलीतलं दुसऱ्या मजल्यावरचं घर. जुलैचा पाऊस, म्हणून खिडकी बंद. पंख्याचा आवाज माइकमध्ये जातो, म्हणून पंखाही बंद. दहा बाय दहाच्या खोलीत भिंतींवर गोधड्या टांगलेल्या, त्यातल्या दोन आत्यानेच शिवलेल्या. तिचा नातू दिवसा नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी या खोलीत लोकांची गाणी रेकॉर्ड करून देतो. चाळीस वर्षं देवळांतून कीर्तन केलेली आजी एकदाची माइकसमोर बसायला तयार झाली होती. पहिल्या अभंगाचं ध्रुवपदही पुरं होईना. सूर चढा लागत होता. गळ्याच्या शिरा फुगत होत्या. जिचा षड्ज ऐकून पेटीवाले पट्टी ताडून पाहायचे, ती आत्या सूर शोधत होती, हे मला पाहवेना.

"आजी, एक मिनिट थांब." नातवाने पडद्यावरची एक उभी पट्टी बोटभर वर सरकवली. "आता लाव हेडफोन. नुसता सा लाव."

आत्याने सा लावला. डोळे मिटले. सा संपला तरी ती तशीच ऐकत राहिली, देवळात शेवटची टाळी पडल्यावर ऐकतात तशी. मग म्हणाली, "हां. आता आले मी देवळात."

पाऊण तासात तीन अभंग झाले. खरी गंमत पुढे आहे. नातवाने स्पीकरवर रेकॉर्डिंग लावलं आणि आत्याचा चेहरा उतरला. आवाज स्वच्छ होता, सूर नेमका होता, पण ते सगळं परत कोरडं, कापसातलं.

"अरे, माझं देऊळ कुठे गेलं?"

या प्रश्नाच्या मागे मी पुढचे काही महिने लागलो. नातवाच्या शेजारी बसलो, त्याच्या ओळखीतल्या दोन-तीन रेकॉर्डिस्टांकडे जाऊन त्यांची कामं पाहिली, मॅन्युअलं वाचली. ऑडिओ इंटरफेस नावाची लहानशी पेटी, तिच्या पोटातले इफेक्ट आणि ते हाताळायचं मिक्सर सॉफ्टवेअर, एवढाच हा विषय. वरवर यंत्राचा. मला तो गाणाऱ्याची काळजी घेण्याचा विषय वाटतो, आणि म्हणूनच दिवाळी अंकात लिहावासा वाटला.

इंटरफेस म्हणजे माइकचा आवाज आकड्यांत बदलून संगणकाला देणारी आणि संगणकातले आकडे पुन्हा आवाज करून हेडफोनला देणारी पेटी. रेकॉर्डिस्ट तिला अजून सवयीने 'साउंडकार्ड' म्हणतात. साध्या पेटीत आवाज आत जातो, संगणकात फिरतो आणि परत येतो. या फेरीला वेळ लागतो. संगणक आवाजाचे आकडे एकेक करून हाताळत नाही. थोडे साठवतो, मग एकगठ्ठा उचलतो. या साठवणीला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुने या दराने २५६ नमुन्यांचा बफर भरायला ५.८ मिलिसेकंद लागतात. जायला एक, यायला एक, म्हणजे साडेअकरा. रूपांतराचा वेळ त्यात धरला तर फेरी १२च्या वर जाते.

बारा मिलिसेकंद म्हणजे किती? हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे आत्याला तिचाच आवाज चार मीटरवरून ऐकू येईल. समोर बसलेल्या तबलजीचा आवाज चार मीटरवरून आला तर काही बिघडत नाही, बैठकीत तो तसाच येतो. स्वतःच्या आवाजाचं तसं नाही. तो आपल्याला हवेतून ऐकू येतो, तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो आणि हाडांच्या वाटेला उशीर ठाऊक नाही. हाडातून आलेला ताजा आवाज आणि हेडफोनमधून आलेला शिळा आवाज कानात एकमेकांवर पडतात. काही स्वरांना ते मिळून येतात, काहींना एकमेकांना खाऊन टाकतात.

आत्या काळी चारमध्ये गाते. तिचा मध्य षड्ज सेकंदाला सुमारे २०८ कंपनांचा. बरोबर १२ मिलिसेकंदांत या स्वराची अडीच आवर्तनं होतात, म्हणजे उशिरा आलेली लाट ताज्या लाटेच्या नेमकी उलटी पडते. तार षड्जाची तेवढ्याच वेळात पाच आवर्तनं होतात आणि तिथे दोन्ही लाटा सुलट्या मिळतात. कागदावरचं हे गणित डोक्यात इतकं काटेकोर उतरत नाही, कवटीची घडण प्रत्येकाची वेगळी. तरी या मांडणीत गाणाऱ्याला तिचा मूळ सा पोकळ आणि वरचा सा भरीव ऐकू यायची पाळी येते. ज्या स्वरावर उभं राहायचं तोच पायाखालून सरकतो. अशा वेळी गायिका घाबरली आहे, सवय नाही, वय झालं, असं आपण म्हणून टाकतो. मी स्वतः तसं म्हटलेलं आहे.

उशीर आणखी वाढला तर बोलणंही अवघड होतं. बर्नार्ड ली या अमेरिकी संशोधकाने १९५०च्या सुमारास दाखवलं, की माणसाला त्याचाच आवाज सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास उशिरा ऐकवला, तर चांगला बोलणारा माणूस अडखळू लागतो, तोतरा होतो. त्याच्याही आधी, १९०९ साली, एत्येन लोंबार या फ्रेंच कानतज्ज्ञाच्या ध्यानात आलं होतं, की गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. उलटंही खरं आहे: स्वतःचा आवाज कानात मोठा आला की माणूस आपोआप हळू बोलतो. आत्याच्या फुगलेल्या शिरांचं कारण इथे होतं. गोधड्यांनी खोलीचा परतावा गिळला होता, हेडफोनने कान बंद केले होते, आणि तिचा गळा चाळीस वर्षांच्या सवयीने सभामंडपाच्या दगडाकडून उत्तर येईल म्हणून जोर लावत होता.

आपल्याकडच्या गाणाऱ्यांना हे फार आधीपासून माहीत आहे. शाहीर पोवाडा गाताना एक हात कानाशी नेतो. तळव्याची वाटी करून तो आपलाच आवाज आपल्या कानात वळवून घेत असतो. तंबोरा गवयाच्या पाठीशी कानाजवळ असतो, तोही आधी त्याच्यासाठी, मग श्रोत्यांसाठी.

आवाज संगणकाकडे पाठवून परत आणण्याऐवजी पेटीतल्या पेटीतच वळवला तर उशीर जवळजवळ उरत नाही. रूपांतराला लागणारा मिलिसेकंद-दोन मिलिसेकंद काय तो. म्युनिकजवळच्या हाइमहाउझेन गावची आरएमई ही कंपनी १९९६पासून हे काम करते. तिने २००१मध्ये 'टोटलमिक्स' आणलं: पेटीच्या आत एक संपूर्ण मिक्सर, संगणकाच्या पडद्यावर फक्त त्याच्या दांड्या. २०१०च्या फायरफेस यूएफएक्सबरोबर त्याला इफेक्टची जोड मिळून 'टोटलमिक्स एफएक्स' झालं. आवाजावर संस्कार करणारी वेगळी चिप पेटीतच बसवलेली. संगणक दमलेला असो, जुना असो, चिप आपलं काम करत राहते. नातवाकडे याच घराण्यातला फायरफेस यूसीएक्स आहे, सेकंडहँड घेतलेला.

पडद्यावर तीन ओळी दिसतात. वरच्या ओळीत माइकमधून येणारे आवाज. मधल्या ओळीत संगणकाकडून येणारे: तानपुरा, तबल्याचा आधी वाजवून ठेवलेला ट्रॅक. खालच्या ओळीत बाहेर जाणाऱ्या वाटा: स्पीकर, हेडफोन. खालची एक वाट बोटाने निवडली, की वरच्या दोन ओळींतल्या पट्ट्या त्या वाटेपुरतं बोलतात. हेडफोन निवडून तानपुरा वाढवला तर तो आत्याच्या कानात वाढतो, स्पीकरवर ऐकत बसलेल्या नातवाच्या कानात नाही. नवख्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो, कारण एकाच पट्टीचे आकडे वाट बदलली की बदलतात.

घुमाऱ्याची, म्हणजे रिव्हर्बची, सोय थोडी निराळी आहे. प्रत्येक वाटेवर वेगळं देऊळ बांधायला चिपची ताकद पुरत नाही आणि गरजही नसते. देऊळ एकच. प्रत्येक येणाऱ्या आवाजाला एक 'सेंड' असतो, म्हणजे हा आवाज देवळात किती पाठवायचा. प्रत्येक बाहेर जाणाऱ्या वाटेला 'रिटर्न' असतो, म्हणजे देवळातून किती परत घ्यायचं. नातवाने आत्याच्या माइकचा सेंड उघडला, हेडफोनचा रिटर्न उघडला, स्पीकरचा रिटर्न शून्यावर ठेवला. तानपुऱ्याचा सेंड बंदच. तंबोऱ्याला स्वतःची आस असते, तिला घुमाऱ्यात घातलं की जवारीचा कंगोरा पुसला जातो आणि नुसता चिखल उरतो.

हे मला समजावताना नातू कागदावर रेघोट्या ओढत होता. आत्या पलंगावरून पाहत होती. तिचं बालपण कृष्णाकाठच्या उसाच्या गावातलं. ती म्हणाली, "म्हणजे दारं धरल्यासारखंच की. पाट एक, पाणी एक. या वाफ्याला किती सोडायचं नि त्या वाफ्याला किती, तेवढं बघायचं. दारं मोडायचं कळलं की झालं." मी वाचलेल्या एकाही मॅन्युअलमध्ये इतकं नेमकं लिहिलेलं नव्हतं.

दारं धरण्याची ही कल्पना आवाजाच्या जगात आली ती एका स्नानगृहापासून. शिकागोतल्या युनिव्हर्सल रेकॉर्डिंग स्टुडिओच्या बिल पुटनम याने १९४७ साली 'द हार्मोनिकॅट्स' या माउथऑर्गनवाल्या त्रिकुटाचं 'पेग ओ माय हार्ट' रेकॉर्ड केलं. त्यासाठी त्याने स्टुडिओतला आवाज स्नानगृहात स्पीकरवर सोडला, तिथल्या भिंतींवर घुमू दिला, माइकने परत उचलला आणि मूळ आवाजात हवा तेवढाच मिसळला. मिक्सरवर घुमाऱ्यासाठी वेगळा सेंड ठेवण्याच्या पद्धतीचं श्रेयही त्यालाच दिलं जातं. लंडनला १९३१मध्ये सुरू झालेल्या अ‍ॅबी रोड स्टुडिओतही घुमाऱ्यासाठी वेगळी खोली होती. ज्यांच्याकडे खोली नव्हती त्यांच्यासाठी जर्मनीतल्या ईएमटी कंपनीने १९५७मध्ये पोलादी पत्रा चौकटीत ताणून बसवला. आवाजाने पत्रा थरथरायचा आणि ती थरथर परत आवाज व्हायची. त्याचं वजन सुमारे २७० किलो. तरीही स्टुडिओवाले तो आनंदाने घ्यायचे, कारण आख्खी खोली बांधण्यापेक्षा तो हलकाच होता.

मग आकड्यांचं देऊळ आलं. बेल लॅबोरेटरीजमधल्या मान्फ्रेड श्रोडर यांनी १९६१-६२च्या सुमारास मांडलं, की उशीर आणि परतावा एवढ्या दोन गोष्टींतून सभागृह उभं करता येईल. त्यांच्या मांडणीत चार समांतर वाटा होत्या. प्रत्येकीत आवाज ३० ते ४५ मिलिसेकंदांच्या दरम्यान थांबवून थोडा मंद करून पुन्हा त्याच वाटेत सोडायचा. चारींचे उशीर असमान ठेवायचे, म्हणजे पडसाद एकावर एक न पडता एकमेकांच्या फटींत बसतात. मग दोन आणखी टप्पे, पडसाद दाट करण्यासाठी. सेकंदाला हजारभर पडसाद झाले की कान मोजणं सोडून देतो आणि त्याला 'जागा' ऐकू येते. विजापूरच्या गोलघुमटात शाळेच्या सहलीला गेलेल्या ज्या कुणी टाळी वाजवून परतावे मोजले आहेत, त्याला मोजता येणारा पडसाद आणि न मोजता येणारा घुमारा यातला फरक सांगावा लागणार नाही. आजच्या चिपांमधली गणितं श्रोडर यांच्या किती तरी पुढची आहेत. मुळाशी तरी तेच आहे: असमान थांबे आणि सावकाश विझणं.

या इतिहासातला एक धागा मला विशेष आवडतो. यामाहा कंपनीची कथा १८८७ साली सुरू होते. तोराकुसु यामाहा याने जपानच्या हामामात्सु गावातल्या शाळेची बिघडलेली पायपेटी दुरुस्त केली आणि मग स्वतःच पेट्या बनवायला घेतल्या. संगीत नाटकात जी पायपेटी साथीला असायची, तिच्याच जातीचं ते वाद्य. आज स्टाइनबर्गच्या यूआर मालिकेतल्या ज्या इंटरफेसांवर मराठी मुलं घरी गाणी करतात, त्यांच्या पोटातला 'रेव्ह-एक्स' घुमारा या यामाहाचा आहे. स्टाइनबर्ग मूळची हॅम्बुर्गची, २००५पासून यामाहाच्या छत्राखाली.

त्या पेट्यांचं मिक्सर सॉफ्टवेअर 'डीएसपी मिक्स एफएक्स' या नावाचं. त्यात माइकच्या रकान्यात वर एक छोटीशी निवड असते, आणि सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मला हीच जागा सर्वांत महत्त्वाची वाटते. आवाज दाबून समतोल करणारा कंप्रेसर आणि स्वररंग बदलणारा ईक्यू हे कुठे लागू करायचे? फक्त ऐकताना, की रेकॉर्डिंगमध्येही? पहिल्यात संगणकाकडे कोरा आवाज जातो, दुसऱ्यात संस्कार झालेला. टोटलमिक्सच्या पेट्यांमध्ये हीच निवड सेटिंगच्या चौकटीत 'ईक्यू प्लस डी फॉर रेकॉर्ड' या नावाने असते. युनिव्हर्सल ऑडिओच्या २०१२पासूनच्या अपोलो पेट्यांच्या 'कन्सोल'मध्येही तोच प्रश्न बटणावर विचारलेला असतो. ही कंपनी स्नानगृहवाल्या पुटनमने १९५८मध्ये काढलेली आणि त्याच्या मुलांनी १९९९मध्ये पुन्हा उभी केलेली. घुमारा टोटलमिक्समध्ये मुळातच रेकॉर्डिंगच्या वाटेवर नसतो. तो ऐकण्याच्या वाटेवरच परततो. आत्याचं देऊळ हरवलं ते यामुळे. ते तिच्या हेडफोनच्या पाटात होतं, संगणकाच्या वाफ्यात सोडलेलंच नव्हतं.

सोडता येतं. 'लूपबॅक' नावाचं बटण त्यासाठीच आहे. बाहेर जाणारी वाट, घुमाऱ्यासकट, उलटी फिरवून संगणकाला रेकॉर्ड करायला देता येते. थेट प्रक्षेपण करणाऱ्यांना ते लागतंच, कारण तिथे नंतर काही करायला वेळ नसतो. पण नातवाने ते मुद्दाम वापरलं नव्हतं, आणि त्यामागे आमच्या घरातली एक गोष्ट आहे.

माझे वडील, म्हणजे आत्याचा थोरला भाऊ, भारूड गायचे. त्यांचं एकच रेकॉर्डिंग आहे. चौदा वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या गावी एका लहान स्टुडिओत केलेलं. रेकॉर्ड करणारा माणूस भला होता. वडिलांना कानात घुमारा आवडला, म्हणून त्याने भरपूर दिला, एकोही दिला, वर आवाज एकसारखा यावा म्हणून कंप्रेसर चांगला आवळला, आणि हे सगळं रेकॉर्डिंगच्या वाटेवर. त्या दिवशी ऐकताना आम्ही सगळे खूश झालो. वडील गेल्यावर मी ते पुन्हा ऐकलं तेव्हा कळलं, की त्यांचा श्वास त्यात नाही. भारुडात ते एक शब्द कुजबुजल्यासारखा म्हणत आणि पुढचा एकदम फेकत. सभेतली पोरं त्या फेकीवर हसायची. रेकॉर्डिंगमध्ये कुजबूज आणि फेक एकाच उंचीच्या आहेत. शब्दांच्या पाठी शब्दांच्याच सावल्या धावतात आणि अर्धी ओळ त्यांत बुडते. हल्ली घुमारा काढून टाकणारी सॉफ्टवेअरं आहेत. नातवाने दोन-तीन वापरून पाहिली. सावल्या विरळ होतात, पण व्यंजनांच्या कडाही झिजतात आणि आवाज फोनवरून आल्यासारखा होतो. दुधात पडलेली साखर काढता येत नाही, हे लहानपणी ऐकलेलं वाक्य मला त्या दिवशी पहिल्यांदा दुःखाचं वाटलं.

म्हणून या बाबतीत माझं मत पक्कं झालं आहे आणि ते मी आडपडदा न ठेवता लिहितो. गाणाऱ्याच्या कानात हवं ते द्यावं, सढळ हाताने द्यावं, आणि साठवताना आवाज कोराच साठवावा. फार तर रस्त्यावरचा घरघराट गाळणारा लो-कट चालेल. कंप्रेसर रेकॉर्डिंगच्या वाटेवर नको, निदान ख्याल, कीर्तन, भारूड यांत तरी नको. आपल्या गायकीचा अर्धा अर्थ आवाजाच्या चढउतारात असतो. पाश्चात्त्य पॉपचे नामवंत अभियंते रेकॉर्ड करतानाच आवळतात आणि त्यांना ते शोभतं, कारण काय हवं हे त्यांना आधी ठाऊक असतं. घरच्या खोलीत, आयुष्यात एकदाच माइकसमोर बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत आपल्याला ते ठाऊक नसतं.

मग कानातला तो घुमारा वाया गेला का? आत्याला हेच वाटलं होतं. नातवाने तिला दोन तुकडे एकामागून एक ऐकवले, दोन्ही कोरडे: एक देवळाआधीचा, एक देवळानंतरचा. पहिल्यात सूर ताणलेला, ओळीच्या शेवटी श्वास तुटणारा. दुसऱ्यात तीच ओळ सैल, मींड सावकाश उतरणारी, शेवटचा स्वर टेकेपर्यंत सांभाळलेला. दुसऱ्या तुकड्यात घुमाऱ्याचा थेंबही नव्हता, पण त्याच्याशिवाय तो असा गायला गेला नसता. आत्याने दोन्ही पुन्हा लावायला सांगितले. मग गप्प बसून राहिली.

घुमाऱ्याने सूर का सुधारतो, यावर मी रेकॉर्डिस्टांशी बराच बोललो. माझी समजूत अशी. पहिल्या स्वराची आस अजून विझलेली नसते तोवर दुसरा स्वर लागतो. गाणाऱ्याला दोन्ही एकाच वेळी ऐकू येतात आणि अंतर कानाने मोजता येतं. कोरड्या खोलीत मागचा स्वर मेलेला असतो, अंतर आठवणीने मोजावं लागतं. पण आस फार लांबली तर मागचे चार-पाच स्वर एकत्र घोटाळतात, कणसूर त्यांत लपतो आणि गाणाऱ्याला आपण फार छान गातोय असं वाटत राहतं. हे जास्त धोक्याचं. म्हणून लयीप्रमाणे माप बदलावं लागतं: विलंबितात, संथ अभंगात घुमारा दीड-दोन सेकंदांचा चालतो, जलद गजरात त्याच्या निम्म्याने भागतं.

नातू टोटलमिक्समधला 'स्पेस' हा प्रकार वापरतो, कारण त्यात घुमारा किती वेळ टिकावा आणि त्यातली वरची झणझण किती लवकर विझावी हे वेगवेगळं ठरवता येतं. तो झणझण लवकर विझवतो. नाहीतर 'स', 'श', 'च' ही अक्षरं कानात फवाऱ्यासारखी उडत राहतात. खालचा भाग लो-कटने गाळतो, म्हणजे छातीतला आवाज घोंगावत नाही. आणि प्री-डिले, म्हणजे शब्द उच्चारल्यापासून घुमारा सुरू होईपर्यंतचा अवधी, वीस-तीस मिलिसेकंद ठेवतो. तेवढ्या फटीतून शब्द स्वच्छ निसटतो. कीर्तनकाराला शब्द गमावून चालत नाही.

याच प्री-डिलेत एक तोडगा दडलेला आहे. ज्यांच्या पेटीत इफेक्ट नाहीत, फक्त थेट ऐकण्याची सोय आहे, अशांची संख्या फार मोठी. त्यांनी मूळ आवाज पेटीतून थेट ऐकावा आणि रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये त्याच माइकचा निव्वळ घुमारा, मूळ आवाज अजिबात न मिसळता, परत घ्यावा. घुमारा बारा-पंधरा मिलिसेकंद उशिरा येईल. येऊ दे. घुमाऱ्याने उशिरा यायचंच असतं, तोच त्याचा प्री-डिले झाला. मात्र सॉफ्टवेअरमधून मूळ आवाजही परत येत असेल तर मघाशी सांगितलेला पोकळ षड्ज हजर. इफेक्टवाल्या पेटीतही निम्म्या तक्रारी याच असतात: पेटीतून एक आवाज, सॉफ्टवेअरमधून दुसरा, आणि दोन्ही चालू. आवाज नळीतून आल्यासारखा वाटला तर आधी दोनातला एक बंद करावा.

गोधड्यांवरून आत्या मधेच म्हणाली होती, "आधी गोधड्या लावून खोली मारायची आणि मग यंत्रात देऊळ बांधायचं, हा काय उलटा कारभार?" प्रश्न रास्त आहे. हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन यांना १८९५ साली एका व्याख्यानगृहाचा घुमारा दुरुस्त करायला सांगितला गेला. तिथे एक शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. सॅबिन रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकांच्या गाद्या उचलून आणत, ऑर्गनची नळी वाजवत आणि आवाज विझायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजत. गाद्या वाढल्या की वेळ कमी. खोलीच्या आकारमानाचं आणि शोषणाचं गणित त्यांनी त्यातून बसवलं. लहान खोलीची अडचण अशी, की तिचा घुमारा आखूड आणि ओबडधोबड असतो, डब्यात बोलल्यासारखा, आणि तो माइकमध्ये शिरला की पुढे कुठल्याही देवळात बसत नाही. म्हणून आधी डबा मारायचा. गोधड्या खालच्या सुरांना फारशा अडवत नाहीत, पण डब्याचा खणखणाट पुष्कळ गिळतात.

टोटलमिक्समध्ये मांडणी जतन करायला आठ कप्पे असतात. एकात नातवाने आजीची मांडणी ठेवली आहे: तानपुरा किती, तबला किती, देऊळ किती. सप्टेंबरात आत्या पुन्हा बसली. या वेळी तिने पदर खोचला, हेडफोनची एक बाजू कानावरून थोडी मागे सारली, आणि सा लावला. मग गाता गाताच तळवा खाली करून हात हलवला, तबलजीला लय उतरवायला सांगतात तसा.

"थोडं कमी कर बाळा. माझी चूक मला ऐकू येईना."

नातवाने पट्टी दोन डेसिबलने उतरवली. आत्याने पुन्हा सा लावला, मान डोलावली, आणि मुखडा उचलला.